आपलं घर म्हणे समानतेचा नमुना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या दिवट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीतच घातलेला गोड मानून घे). तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमचं ते चावरं मांजर आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी सोडून सगळे.

तुला ठाऊकच आहे, आमच्या कार्यालयात वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना शिकायची संधी कितपत सारखी मिळते याची तुलना चालते. (तू शेजारणीला ‘तो आकडे लावतो’ एवढंच सांगतेस, तेही खोटं नाही.) अकरा देशांना एकच प्रश्नावली पाठवायची आणि आलेली उत्तरं शेजारी शेजारी मांडायची, इतकं सोपं काम. सोपं कसलं, डोंबलाचं! घरची परिस्थिती कळावी म्हणून विचारलं, मुलाला स्वतंत्र खोली आहे का? एका देशात कडाक्याची थंडी, तिथे श्रीमंतसुद्धा शेगडीभोवती एकाच खोलीत झोपतात. ते सगळे गरीब ठरले. घरी मोटार आहे का? जिथे ट्राम दारात येते, तिथले डॉक्टरही कंगाल निघाले. पुस्तकं किती, तर एकांनी वह्या मोजल्या, एकांनी टेलिफोनची डिरेक्टरी धरली आणि एका देशाने गावचं ग्रंथालय जमेस धरून प्रत्येक पोराच्या नावावर चाळीस हजार पुस्तकं लावली. टेबल कशाला म्हणायचं यावर आमची समिती तीन आठवडे बसली होती (टेबलाभोवतीच).

शेवटी साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने आपल्या लहानपणच्या घराची माहिती भरून प्रश्नावली पारखून बघायची. मी भरायला बसलो आणि ताई, टेबलाच्या रकान्यात जो अडकलो तो तासभर. आईचं शिवणयंत्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याच्या फळीच्या एका टोकाला माझा गृहपाठ, दुसऱ्या टोकाला तुझी शिवण. तू पाय मारलास की माझं अक्षर थरथरायचं, मी भोकाड पसरायचो, आणि तू यंत्र थांबवून आधी डोक्यात टपली मारायचीस, मग गणित समजावायचीस. भागाकार तू मला बटणांच्या डब्यातून शिकवलास. एकदा उरलेली बाकी मी गिळून टाकली होती (पुढचं लिहीत नाही, साहेब मागून वाचतात). यंत्राच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा तो वास मला भर कार्यालयात आला. काय दिवस होते गं ते! फार आठवण आली तुझी, सरळच सांगतो.

असो. माहिती संगणकात गेली आणि निकाल आला: आपल्या घरात विषमता शून्य! तेच आईबाप, तेच टेबल, मुलांमध्ये तसूभर फरक नाही. साहेब बेहद्द खूश. अहवालाच्या पहिल्या पानावर आपलं घर आदर्श नमुना म्हणून छापायचं ठरलं. सोमवारी अहवाल छापखान्यात जातोय. सहकाऱ्यांनी त्या आनंदात माझ्याकडून दोनदा चहा उकळला.

तिसऱ्या चहाला माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमचा फॉर्म फक्त शाळेत जाणारी मुलं धरतो. तू आठवीत शाळा सोडलीस, म्हणजे तू त्यात नाहीसच. घरात मूल एकच, मी. आता माझ्यात आणि माझ्यात फरक कुठून निघणार? बरं, हे आपल्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. ज्या देशांनी गरिबांची पोरं आधीच घरी बसवली, ते सगळे आमच्या यादीत वर चढून बसलेत. जितकी पोरं गाळाल तितकी समानता जास्त! साहेबांना सांगायला गेलो तर म्हणाले, घरी बसलेल्यांना विचारणार कसं, त्यांचा पत्ता आहे का कुणाकडे? मी म्हटलं, एकीचा माझ्याकडे आहे.

भावजींना नमस्कार, मांजराला लांबूनच.

तुझा,
दिवटा

ता. क. सोबत कोरा फॉर्म जोडला आहे. पान चारवर ‘शाळा सोडण्याचं कारण’ तेवढं भर आणि शनिवारच्या आत माझ्या हाती पोहोचव. तो मिळाला तरच साहेब पहिलं पान बदलणार, नाहीतर आपण आदर्श म्हणून छापून येतो. आजवर मी सगळ्यांना, बायकोलासुद्धा, ‘ताईला शाळेचा कंटाळा होता’ असंच सांगत आलो. आई अंथरुणाला खिळली आणि तिचं शिवणकाम तुझ्या गळ्यात आलं, हे सांगितलं की पुढे माझ्या पदव्या सांगायची लाज वाटते.

आणखी एक ता. क. साहेबांना पुरावा हवा होता, म्हणून शाळेतून तुझं नाव काढण्यासाठी दिलेला अर्ज मागवला. ‘मुलीस शिक्षणाची आवड नाही, सबब नाव कमी करावे.’ खाली बाबांची सही (त्यांना तेवढंच लिहिता यायचं) आणि वरचं सगळं अक्षर माझं, नऊ वर्षांच्या माझं. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं. तुला लिहायला सांगायचा त्यांना धीर झाला नसावा. पण त्यातल्या माझ्या दोन चुका कुणीतरी पेन्सिलीने नीट करून दिल्या आहेत, आणि ते अक्षर तुझं आहे. या वेळी कारण तू लिही, ताई.