गरम पाण्यातले हात

आये,

आज भाकरी थापली. माझ्या हातानं, परातीएवढी, आणि तव्यावर अशी टम्म फुगली की नात म्हणाली, "आजी, फोटो काढू का हिचा?" म्हटलं, "आधी खा, निवल ती." दोन वर्षं मला मूठ वळत नव्हती. सकाळी उठलं की बोटं लाकडागत. काष्टा घालायलाही सुनेला हाक मारायची. तुझंच दुखणं माझ्याकडं आलं. पण आता दर पंधरा दिवसांनी पोटाला सुई टोचून घेते आणि मूठ वळते, आये! हे पत्र पण मीच लिहितेय, चौथीतल्याच अक्षरात.

नात तळेगावात पेशींचा अभ्यास करते. तिला विचारलं, ह्या सुईत असतं तरी काय? तर सांगते, "आजी, आपल्या अंगात एक प्रथिन असतं. डाळीतलं नाही, अंगानंच बनवलेलं. ते पेशींना निरोप देतं. जखम झाली, जंतू शिरले की हाका मारतं, ताप आणतं, लढणाऱ्या पेशी गोळा करतं, बिघडलेल्या पेशीला मरून जा म्हणतं." म्हटलं, "एवढी कामं एकट्याला? म्हंजी शेतातल्या माळ्यावरचा राखणदार की." भात पिकलं की तू माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकायचीस, ते आठवलं गं. नात लय खूश. "बरोब्बर! पण तुझा राखणदार भात घरात आलं तरी थांबेना. आता घरच्यांनाच दगड मारतोय, तुझ्या सांध्यांना." सुई त्याला आवरते. पण त्याच्यावाचून चालतही नाही म्हणे, तो आवरलेला असला की जंतूंना रान मोकळं, म्हणून ताप-खोकला आला की लगेच सांगायचं, अंगावर काढायचं नाही.

हे ऐकताना तू दिसलीस. दिवस उगवलाय, चूल पेटलीय, आणि तू घंगाळातल्या गरम पाण्यात दोन्ही हात बुडवून बसलीयस. इंदुरीची मावशी मुक्कामाला आहे. ती विचारते, "हिचं काय चाललंय मगाधरनं?" आणि मी, चौदा वर्षांची, शहाणी, म्हणते, "आयेला कामाचा लय कंटाळा, मावशे. हात शेकीत बसायचं न् भाकऱ्या माझ्यावर ढकलायच्या." सगळी हसली. तूसुद्धा हसलीस. हात पुसलेस, परात ओढलीस, थापायला बसलीस. भाकरी मोडली. ती मोडकी तू तुझ्या ताटात घेतलीस, आणि त्यानंतर मी घरात असताना कधी पाण्यात हात घातला नाहीस.

तो कंटाळा नव्हता, आये. ही दोन वर्षं मीही रोज सकाळी गरम पाण्यात हात घालून बसत होते, तेव्हा कळलं. तुला तर शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही की तुझं काही चुकत नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

टाकणार कुठं हे? तांदळाच्या डब्यात ठेवते, तळाला.

एक राहिलंच. भाकरी खाता खाता नातीनं विचारलं, "मग पणजीला कोण गं मदत करायचं?"

मी म्हटलं, "मीच की."

आये, तेवढं खोटं बोलले.