सही केलेली कोरी चिठ्ठी

आबा, साहेब भेटले. त्यांनी तुम्हाला रामराम सांगितलाय.

मी मस्कतला एका हॉटेलात आहे. सभागृहात खुर्च्या लावतो, पाणी ठेवतो. आधी सुरत झालं, मग पुणे, कुठेच वर्षभर टिकलो नाही. परवा आरोग्याची परिषद होती आणि मंचावर साहेब. आपले आमदार, मग आरोग्यमंत्री, आता देशोदेशीच्या सरकारांना दवाखाने कसे चालवावेत ते सांगणारे मोठे अधिकारी. केस पांढरे झालेत. चालणं तेच, जीपमधून उतरल्यासारखं.

मला तुम्ही चालवायचात ती साहेबांची जीप दिसते. अमळनेरच्या रस्त्यावर कुणी हात करतं, तुम्ही थांबता, डॅशबोर्डातून साहेबांच्या सहीची कोरी चिठ्ठी काढून पेशंटचं नाव लिहिता. तिच्यावर मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात खाट मिळायची. तुमच्या खोकल्यातून रक्त आलं तेव्हा आई म्हणाली, "बठ्ठासले चिठ्ठ्या देतस, एक सोताले बी लिखा ना." तुम्ही डाफरलात, "साहेबले न इचारता मन्हं नाव लिखू? चोर शे का मी?" साहेब तेव्हा नव्या कामासाठी परदेशात गेलेले. तुम्ही ते यायची वाट पाहिलीत, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात, दाराजवळच्या खाटेवर. तिथेच गेलात.

साहेब भाषणात म्हणाले, गरिबाला खाटेसाठी कुणाची ओळख लागू नये. एवढं इंग्रजी आता कळतं. टाळ्या झाल्या. मला राग यायला हवा होता. मी ग्लास भरत राहिलो.

चहाच्या वेळी तोंडातून निघून गेलं, "साहेब, पानी ल्या." ते वळलेच. "कोठला शे रे तू?"

"देवपूरना."

"आरे! देवपूरमा मन्हा ड्रायव्हर राहस. त्यानी मन्ही जीप दोनदा नालामा टाकी!" हसले, खूप हसले. "कसा शे तो?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी म्हणालो, "बरा शेतस." कुणाचा मुलगा, तेही सांगितलं नाही. "मन्हा रामराम सांगजो त्याले," म्हणाले, मग त्यांना कुणीतरी बोलावून नेलं.

हा कागद टाकायला पेटी नाही, पाकिटातच राहील. तिथे तुमची एक चिठ्ठीही आहे, तुम्ही गेल्यावर डॅशबोर्डातून काढलेली. सहीच्या वर अजून कोरी. आबा, तुम्ही दवाखान्यात होतात तो महिनाभर जीपची किल्ली आपल्या घरात खुंटीला होती. सातवी नापास असलो तरी तुमचं नाव मला लिहिता येत होतं. तुम्ही ओरडाल म्हणून लिहिलं नाही.