साखरेने केलेले काम

तीर्थस्वरूप अक्कास,

शिंप्याचा साष्टांग नमस्कार. तुझे पत्र येऊन अकरा महिने झाले आणि उत्तर आज लिहितो आहे, त्याबद्दल आधी कान पकडतो. तुझी प्रकृती, गुडघे आणि सुनेशी असलेले संबंध बरे असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. काळजीचे कारण नाही. (कारण आहे, पण क्रमाने सांगतो.)

मागच्या महिन्यात एक नर्सबाई गणवेशाचे माप द्यायला दुकानात आल्या आणि दारातच थांबल्या. फरशीवर रक्ताचे ठिपके होते, कापायच्या टेबलापासून थेट मशीनपर्यंत. मी घाबरलो. कोणाला लागले म्हणून टेबलाखाली पाहिले, पडद्यामागे पाहिले, पांढऱ्या कापडाचा तागा उलगडून पाहिला (डाग पडला असता तर भरून कोण देणार?). बाई म्हणाल्या, "काका, पाय वर करा." मी म्हटले, माझा पाय काही दुखत नाही. "तेच तर झालंय," असे म्हणून त्यांनी माझ्या तळव्यातून टाचणी काढली. गोल डोक्याची, चांगल्यापैकी. तीच टाचणी मी दोन दिवस शोधत होतो.

त्यांनीच डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "आजोबा, डोळे मिटा. मी पायाला हा दोरा टेकवीन. लागला की हो म्हणा." टाचेला एकदा लागला, मी हो म्हटले. मग बराच वेळ काहीच नाही. अक्का, तुला माझा स्वभाव माहीत आहे, पाचवीत नापास झाल्यापासून परीक्षेची मला धास्ती. शिवाय पाय गेला म्हणजे मशीन गेले, आणि मशीन गेले की मुलगा मला उचलून त्याच्या घरी नेणार, हे मला दिसत होते. म्हणून मी कान लावला. त्यांच्या खुर्चीची कुरकुर झाली की हो म्हणायचे, बाही सळसळली की हो म्हणायचे. सात-आठ वेळा अगदी वेळेवर हो म्हटले. शेवटी ते म्हणाले, "आजोबा, मी मघापासून चिठ्ठी लिहितोय."

चिठ्ठी इंग्रजीत. वरच्या मजल्यावरच्या गुरुजींनी वाचून दाखवली: साखरेने दोन्ही पाय 'नंब' केले आहेत. मी म्हटले, म्हणजे पाय बधिर झाले. गुरुजी म्हणाले, "झाले नाहीत, केले. क्रियापद आहे ते. कर्ता साखर." आणि जाडा कोश काढून बसले (त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून विचारले की ते सोडत नाहीत). कोशात तीन वाक्ये होती. थंडीने गवंड्याची बोटे नंब केली. दाताच्या डॉक्टराने हिरडी नंब केली. बातमीने त्या माणसाला नंब केले. माझे म्हणणे असे की इंग्रजीत फार चौकशी. आपल्याकडे पायाला मुंग्या येतात आणि जातात, त्या कोणी पाठवल्या हे कोणी विचारत नाही. पहिली दोन वाक्ये मला पटली. दाताच्या डॉक्टराने तर सांगून-सवरून करायचे, नंतर उतरायचे. तिसऱ्या वाक्याबद्दल मी विचारले, हे उतरते किती दिवसांनी? गुरुजींनी पान उलटून पाहिले. तिथे दिलेले नव्हते.

तुझी भावजय गेली तेव्हा मी रडलो नाही. चौथ्या दिवशी दुकान उघडले, परकरांची एक मोठी ऑर्डर पुरी केली. लोक म्हणाले, म्हातारा खंबीर आहे. मलाही तसेच वाटले. तुझे सांत्वनाचे पत्र वाचले, घडी घातली आणि मापांच्या वहीत ठेवले. गेल्या मंगळवारी एका बाईंचे जुने माप शोधताना ते सापडले. दुसऱ्यांदा वाचले. त्या दिवशी दुकान बंद ठेवले, एवढेच लिहितो.

तर डॉक्टरांची अट अशी की मशीन चालवा, पण चप्पल घालून, आणि रोज संध्याकाळी तळपाय तपासलेच पाहिजेत. माझा पाय माझ्या तोंडापर्यंत येत नाही. म्हणून गिऱ्हाइकांचा आरसा जमिनीवर आडवा ठेवून बसलो. तळवे छान दिसले, पण उठता येईना. एक बाई ब्लाऊज न्यायला आल्या, मला आरशासमोर बसलेला पाहून तशाच परत गेल्या. गुरुजींना विचारले, तर म्हणाले, "तुमचे पाय बघण्याइतकं आपलं नातं नाही." खरे आहे.

बाकी सर्व क्षेमकुशल. काळजी करू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. काळजी करू नकोस असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले.

ता. क. २. तुझ्या डोळ्यांचे ऑपरेशन चांगले झाले असे ऐकतो. सुईत दोरा ओवता येतो म्हणे. इथे मागची खोली रिकामी आहे, खिडकी आहे. दिवसातून एकदा दोन तळपाय बघायचे, बाकी तुला काम नाही.

ता. क. ३. मुलगा पुढच्या रविवारी माझे सामान बांधायला येणार होता. त्याला मी फोनवर सांगून टाकले आहे की अक्का इथे राहायला आली. तो तुझ्याशी बोलायचे म्हणाला. मी म्हटले, झोपली आहे. रोज फोन करतो आणि चार दिवस तू झोपलेलीच आहेस. आता तो डॉक्टरला पाठवतो म्हणतोय, तेव्हा लवकर कळव.