बिनपानाची वेल

५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

अकरा वर्षं ज्या रानव्हॅनिलासाठी तू जंगलं पालथी घातलीस, ती माझ्या शिवणाच्या दुकानामागे ओढ्याकाठच्या झाडावर चढून बसली आहे. काखेत कळसा, दुसरं काय! पान एकही नाही, म्हणून मी तिला वाळकी समजत होतो. टेप लावली. खोड अंगठ्याएवढं जाड, हिरवंगार. दर चार इंचांवर गाठ आणि गाठीतून निघालेलं मूळ सालीला घट्ट चिकटलेलं. वर नऊ कळ्यांचा घोस आहे. लवकर ये.

तुझा टिल्लू

९ एप्रिल

चि. टिल्लू यास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तुझ्या अक्षरामुळे नव्हे. पानांचं काम ते हिरवं खोडच करतं. जात कोणती, ते मात्र फुलावरूनच कळेल, आणि फूल पहाटे उमलून दुपारी मान टाकतं.

डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात. उरलेल्या एका डोळ्याचं ऑपरेशन अठराला आहे. नजर राहील असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. फूल बघणं काही माझ्या नशिबात नाही. फार वाईट वाटतं रे. तूच नीट बघून कळव. वेलीला कात्री लावू नकोस, तुझे हात शिवशिवतात ते मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, कात्री लावलीस तर फेरविचार करीन.

तुझी ताई

१२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

कात्री लावली. कळ्यांसकट तीन हात वेल कापली, बाकीची झाडावर शाबूत आहे. खोडात पाणी साठलेलं असतं, तुकडासुद्धा कित्येक दिवस तगतो, हे तूच एकदा सांगितलं होतंस. ओल्या फडक्यात गुंडाळून पत्रापाठोपाठ निघतोय. पहिली कळी टपोरी झाली आहे. शिव्या समोरासमोर दे.

लोभ असू दे, राग ओसरल्यावर.

टिल्लू

२ मे

चि. टिल्लू यास अ. उ. आशीर्वाद.

अक्षर शेजारणीचं, सांगणं माझं. काल पट्टी काढली. काही दिसत नाही, आणि आता दिसणारही नाही. रडून झालं, जेवलेही.

फुलाची तू घेतलेली मापं पुस्तकातल्या नोंदीशी बरोबर जुळली, जात पक्की झाली. पराग आणि शेंग धरण्याची जागा यांच्यामधला तो पातळ पडदा तू टाचणीने उचलून दाखवलास, ते तर झकासच.

शेवटचं काय पाहिलं, असं सगळे विचारतात. फूल, असं मी सांगते. तुला खरं सांगते. ऑपरेशनआधी इथे पहिली कळी उमलली त्या सकाळी तू माझ्या खिडकीशी वाकून, श्वास रोखून पाकळी मोजत होतास. केस किती पांढरे झालेत रे तुझे! फूल मी अर्धंमुर्धंच पाहिलं. तुझ्याकडेच बघत राहिले.

तुझी ताई