पुढच्या चाकाची हवा

१० जानेवारी १९३२, रविवार

— आणि गेल्या वर्षीच्या त्या सकाळी मी नेहमीसारखीच उठले होते. सडा टाकला, चूल पेटवली. पीठ मळायला घेतलं तोवर हे अंगणातून म्हणाले, "कमळ, मी शर्यतीची निशाणं रोवायला पुढे जातो. पुढच्या चाकात हवा तेवढी भर. चाळीस." पंप कोरडा कुरकुरत होता. बुधल्यातलं खोबरेल थिजलेलं. चुलीजवळ धरून पातळ केलं, पंपाच्या दट्ट्यावरच्या कातड्याला दोन बोटं लावलं. चाळीस दाब मोजले. एकही कमी नाही. मग भाकरी थापली. हे परत आले, उभ्याने अर्धी खाल्ली आणि फटफटी ढकलत किनाऱ्यावर गेले. चाक दाबूनही पाहिलं नाही. मी मोजलं म्हणजे झालं, असा भरवसा.

तिसऱ्या फेरीला, वळणावर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालताना पुढचा टायर रिमवरून निघाला. ओली वाळू दगडासारखी असते. हे पुन्हा उठले नाहीत.

आज हे लिहायचं कारण चंदर, माझा दीर. वर्षभर गोणपाटाखाली पडलेली फटफटी त्याने बाहेर काढली. मुंबईचे क्लबवाले यंदाही किहीमच्या वाळूवर शर्यत लावणार आहेत, ७ फेब्रुवारीला पहाटेच्या ओहोटीला. चंदर धावणार.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून आत गेल्या. वर्ष झालं, धाकट्या लेकाशी त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो टायर चंदरने चढवला होता ना. त्याच्याच हातून चुकलं, गाव तेच म्हणतं. मीही मनात तेच म्हणत आले, उगाच खोटं का लिहू.

पण या घरातला दुसरा मुलगा मी वाळूवर जाऊ देणार नाही. गेलाच तर निघणार नाही अशा टायरवर जाईल.

१२ जानेवारी

ह्यांची पत्र्याची पेटी उघडली. टायरची माहितीपत्रकं, सगळी इंग्रजी. मी इंग्रजी शिकले ती टायरच्या बाजूला उठवलेल्या अक्षरांवर बोट फिरवून. हे हसायचे — "बायको माझी टायर वाचते." वाचते खरी. आता नीट वाचीन.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार? चंदरला घेऊन बैलगाडीने अलिबागला गेले, नुरुद्दीनभाईंच्या दुकानात. मोटारींचं काम करतात. ह्यांचे जुने दोस्त. मला बघून त्यांनी स्टूल पुसून दिलं.

मी विचारलं, "वाळूवर कुठला टायर धरतो? खरं सांगा, विकायचं सांगू नका."

"वयनी, तुमच्या गाडीला पाळीचा हाय," ते म्हणाले. "कडेला ही रबराची जाड पाळ, ती रिमच्या ओठात अडकायची. तिला धरून ठेवते ती निस्ती आतली हवा. हवा गेली का पाळ सुटली. आनि हा नवा. ह्याच्या कडेत तार हाय. हवा कमी झाली तरी रिम सोडायचा न्हाय."

"मग सगळे हाच का लावत नाहीत?"

"रिमच येगळी लागते. चाकच बदलावं लागतं."

चंदर मध्येच म्हणाला, "जुना काय वाईट नाही. नीट चढवला तर."

नुरुद्दीनभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तू नीटच चढवला व्हतास रे. मी त्या दिशी रिम बघितली. ट्यूब कुठं चिमटलेली नव्हती."

"मग आईला सांगा की."

"सांगितलं. तुजी आई मला म्हनली, भाई, तुमी दोस्ताच्या भावाला सांभाळून घेताव."

नव्या टायरचं पुढचं चाक त्यांनी शर्यतीपुरतं दिलं. मागच्यासाठी रबराचे खडे वर आलेला, खड्याखड्यांचा एक टायर दिला. परत आणून द्यायचं. "आनि दादल्याच्या जागी धाकल्याला फटफटीवर घालू नका," म्हणाले.

येताना गाडीत चंदरने मला तिळाचा लाडू दिला. नुरुद्दीनभाईंच्या घरातून आला म्हणे. खाल्ला.

२४ जानेवारी, रविवार

काल पुनव झाली. संध्याकाळी समुद्र लांब आत गेला. चंदरने चालवली, मी ठसे मोजले.

माझी पद्धत अशी. झावळीच्या हिराची काडी घेतली, तिला नखाने खुणा केल्या. ठसा किती रुंद आणि किती खोल, ते काडी लावून पाहायचं. चाक रुतलं तर खोल, हवा कमी तर रुंद.

मागे खड्यांचा टायर ओल्या वाळूत उत्तम चावतो, कोरड्या वाळूत स्वतःची कबर खणतो. तेव्हा कोरड्यात जायचंच नाही. पुढे उभ्या रेघांचा बरा. वळणावर रेघ सरळ उमटते, फरफटत नाही. पाळीचा आणि तारेचा दोन्ही उभ्या रेघांचेच. चाळीस दाबांवर दोघांचे ठसे सारखे, तीन खुणा रुंद. तारेच्यात मुद्दाम पंचवीसच ठेवून वळवला. पाच खुणा पसरला, पण जागचा हलला नाही. पाळीचा पंचवीसवर वळवायला मी चंदरला परवानगी दिली नाही.

कोळिणी टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. एक म्हणाली, "काय गो, वालू मोजतेस?" म्हटलं, हो.

२५ जानेवारी

शर्यत पहाटे आहे, म्हणून पहाटेची वाळूही पाहिली. थंडी फार. पाळीच्या चाकात मीच हवा भरली, चाळीस दाब. पंपाला आदल्या दिवशी तेल लावलंच होतं.

ठसा पाच खुणा आला.

चंदर म्हणाला, वाळू जास्त ओली असेल. मग तारेचं चाक लावून त्यातली हवा सोडली, पुन्हा चाळीस भरली. पाच. फटफटी तिथेच उभी केली, त्याला फिरू दिलं नाही. उन्हं वर आल्यावर हवा सोडून त्याच चाकात त्याच पंपाने चाळीस भरले आणि पुन्हा मोजलं. तीन.

घरी येऊन पंप उघडला. आत ऊब लागून तेल पातळ झालेलं. काही दिसलं नाही. उद्या पहाटे उघडीन.

२६ जानेवारी

पहाटे उघडला.

कातड्याच्या चहूबाजूंनी पांढरं, थिजलेलं खोबरेल. कातडं ताठ, कडा मिटलेल्या. दांडा दाबला की हवा चाकात जायची ती निम्मी मागेच निसटायची. माझे चाळीस होते पंचवीस. तेही कदाचित नसतील.

आम्ही केसांना, कोयतीला, रहाटाला, सगळ्यालाच खोबरेल लावतो. पौषात रोज बुधल्यात थिजलेलं पाहते मी. त्या सकाळीही पाहिलं. चुलीजवळ धरून माझ्या हातानेच पातळ केलं. गार पंपात ते पुन्हा थिजलं.

२७ जानेवारी

लिहवत नाही.

३० जानेवारी

चार दिवस रोज पहाटे खोबरेलावरच करून पाहिलं. फरक नाही. मग कातडं राखेने पुसून एरंडेल लावलं. पहाटे चाळीस, ठसा तीन खुणा. म्हणजे शंकेला जागा उरली नाही.

चंदरला एवढंच सांगितलं की पंपाला एरंडेल लावायचं. का, ते सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. त्या दिवशी हवा मी भरली, हे ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी चाळीस मोजले होते, म्हणून मीही बोलले नाही.

आता मात्र हे न बोलणं वेगळं आहे.

६ फेब्रुवारी, पौष अमावास्या

आज वर्षश्राद्ध झालं. अधिक आषाढ आला म्हणून तेरा महिन्यांनी. ह्यांना आवडायची तशी वालाची उसळ केली. सासूबाईंनी स्वतः सगळ्यांना वाढलं. चंदरच्या पानाशी आल्या आणि वाडगा माझ्या हातात दिला. "कमळे, त्याला तू वाढ."

तो मान खाली घालून जेवला. नंतर विहिरीवर हात धुताना मला म्हणाला, "वहिनी, तारेचं चाक नुरुद्दीनभाईला परत द्या."

"का?"

"उद्या जुनंच लावणार. तीच रिम, तोच टायर, मीच चढवलेला. पिंपाला सहा वळसे घालीन. नाही निघाला तर आईला कळेल."

"आणि निघाला तर?"

"तर आईचं खरं."

मी म्हटलं, इतके दिवस मी कशासाठी वाळू मोजली? तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी मोजलीत, ते आहे ध्यानात. पण टायरने माझं काम होत नाही."

खरं आहे ते. कुठला टायर चांगला, ते मला आता अलिबागेत कुणापेक्षाही जास्त कळतं. तारेचा चांगला. पण तो पोरगा तारेचा लावणार नाही, जोवर त्याच्या डोक्यावर माझी चूक आहे.

सासूबाई आत ह्यांचा सदरा घडी करत बसल्या आहेत. उद्यापासून त्या माझ्याशीही बोलणार नाहीत कदाचित. त्या घरातून जा म्हणाल्या तर जाईन. माहेरी बोर्लीला भाऊ आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

पहाटे सासूबाईंना आणि चंदरला ओट्यावर बसवलं, मध्ये पंप ठेवला, बुधला ठेवला. त्या सकाळी तेल मी घातलं, हवा मी भरली, ते सांगितलं आणि करून दाखवलं. मग पंपाला एरंडेल लावलं, जुनं चाक काढून तारेचं लावलं. चाळीस दाब मीच भरले. मोजले सासूबाईंनी.