यादी भिंतीवर पाहा

२० नोव्हेंबर १९६१
आमच्या वधूवर मंडळाचा सेक्रेटरी झालो. बिनविरोध. दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं पार्बताक्का म्हणते. मोठी बहीण आहे, बोलू द्यावं. अकोल्याचा उद्धव हेच काम तोंडी करतो. कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा, सगळं म्हणे डोक्यात! अडाणी कारभार. मी अमरावतीत सिस्टीम आणणार. जुनं खणाखणांचं कपाट मिळवलं. एका मुलीला एक खण, खणावर तिचं नाव, आत तिच्याजोग्या मुलांची यादी. दर शनिवारी आक्का खणातली यादी उतरवून मुलीच्या बापाला पोस्टाने पाठवेल. उद्धव्या, आता बघ लेका.

२६ नोव्हेंबर
शकुनच्या खणात एक नवा मुलगा घालायचा होता. नव्या कागदावर नाव लिहिलं, आत ठेवलं, जुना कागद फेकला. रात्री लक्षात आलं, आधीची सगळी मुलं त्या जुन्या कागदावर होती. तोवर आक्काने तो घालून चूल पेटवली होती. घरातच शत्रू असल्यावर सिस्टीम काय करील?

२८ नोव्हेंबर
तेल्हाऱ्याहून एक गृहस्थ आले. आमच्या बेबीचं काय झालं, म्हणाले. सगळे खण पाहिले. बेबी नावाची मुलगी मंडळात नाही, ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, अहो, मी तिचा बाप आहे. म्हटलं, असाल, पण खण नाही. दार आपटून गेले. मग आक्का म्हणते, बेबी म्हणजे माणिक, सारं गाव तिले बेबी म्हणते. मग गावाने रीतसर कळवायला नको? फालतू लोक.

३ डिसेंबर
हात मोडून आला. खण बदलतो, नावं तीच. चाळीसदा तेच काय लिहू? आणि एकदम आयडिया सुचली! एकच यादी भिंतीवर टांगली. प्रत्येक खणात फक्त चिठ्ठी: ‘यादी भिंतीवर पाहा.’ उद्धवच्या सात पिढ्यांना सुचणार नाही.

१० डिसेंबर
अकोल्याचे दिगंबरराव वकील आले. सोबत मुलगी, कुंदा. तिच्या नावाचा खण केला. शाळेत गणित शिकवते. कपाट पाहून विचारते, एकाच मुलीसाठी एखादं नाव वाढवायचं असलं तर? मी हसलो. बायकांना सिस्टीम कळत नाही. पण चष्मा काय शोभतो तिला!

११ डिसेंबर, सकाळ
झोप नाही. सदतीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. ठरलं. माझं नाव घालायचं, फक्त कुंदाच्या खणात. गावात कोणाला वास लागता कामा नये. खण उघडला. आत चिठ्ठी: यादी भिंतीवर पाहा. पाहिली. तिच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: मोरोपंत, वय तेहतीस, स्वभाव शांत.

१९ डिसेंबर
सत्यानाश! मोर्शीचे एक संत्र्याचे बागाईतदार काठी घेऊन दारात. त्यांची मुलगी अठराची. लाज वाटते काय, म्हणाले. ते गेले तर आणखी दोघे बाप. राजापेठेत एक बाई मला पाहून पदर तोंडाला लावून हसली. माझं नाव घरोघरी! आक्कावर ओरडलो, काहून पाठवलं? म्हणते, साऱ्या खणांत भिंत पाहा लिवलं, मी भिंत पाहिली. तुले कुंदाच पाहिजे होती तर तोंडानं सांगायचं न, मी उद्धवले सांगितलं असतं. उद्धवले! जेवलो नाही.

२० डिसेंबर
डोकं शांत ठेवून उपाय केला. भिंतीवरच्या यादीतलं माझं नाव खोडलं, पुढे ‘रद्द’. आक्काने नवी यादी सगळीकडे रवाना केली. एका फटक्यात सगळ्या बापांची तोंडं बंद. याला म्हणतात सिस्टीम. कुंदाच्या खणाला मी हातही लावलेला नाही. तिथे माझं नाव शाबूत आहे.

४ जानेवारी १९६२
अकोल्याचं पत्र नाही. वकिलाला घमेंड चढली आहे. असू दे. आपणहून विचारणार नाही.

१० फेब्रुवारी
अष्टग्रही होऊन गेली. जग बुडणार म्हणत होते, काही बुडलं नाही. मेले ज्योतिषी.

दुपारी दिगंबरराव आले. कुंदाची लग्नपत्रिका घेऊन. मुलगा बडनेऱ्याचा, उद्धवने तोंडी जमवलेला. म्हणाले, राग मानू नका, पण पहिली यादी आली तेव्हा पोरीनं तुमच्याच नावावर बोट ठेवलं होतं. वय खोटं आहे म्हणाली, पण खोटं लिहिण्याइतकी इच्छा तरी आहे. मी होकार घेऊन निघणार, तर दुसऱ्या यादीत तुम्ही रद्द. आम्ही समजलो, तुमचा विचार बदलला.

मी म्हटलं, तुमच्या खणातलं रद्द नव्हतं. ते म्हणाले, कोणत्या खणातलं?

उठून कुंदाचा खण उघडला. चिठ्ठी होती.

वकील चहा न घेता गेले. संध्याकाळी आक्का विचारत होती, त्या कपाटात कांदे ठेवू काय. ठेव म्हटलं.