सोळा भाज्या आणि घोटभर पाणी

प्रिय अक्का,

आज महालक्ष्म्या येणार. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढत माजघरापर्यंत आले आणि तुमच्या खोलीच्या दाराशी हातच चालेना. म्हणून भावोजींनी निजामाच्या कचेरीतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदावर लिहीत बसले आहे. अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंत ना? मग वाचाही तुम्हीच!

मागच्या भादव्यात तुम्ही आठ दिवस तापानं त्या खोलीत पडून होतात. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं माझ्या एकटीवर. नैवेद्य वाढत होते आणि तुमची हाक आली, "धाकटे, घोटभर पाणी दे गं."

मी उठले होते, अक्का. सासूबाई म्हणाल्या, "सोवळ्यात हायेस तू. तिला शिवलीस तर सगळा सैपाक बाटंल. नैवेद्य होऊ दे, मंग जा."

दुसरी हाक आली. "आले हं!" म्हणाले आणि आरतीला उभी राहिले.

पाणी घेऊन आले तेव्हा तुम्ही गेला होतात. सुतक लागलं. लक्ष्म्या त्याच संध्याकाळी उतरवल्या, ताटं तशीच राहिली. काय मिळवलं आम्ही? पितळी मुखवट्यांपुढं सोळा भाज्या आणि घरची थोरली सून तहानलेली! लक्ष्म्या तर तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. क्षणभर थांबल्या नसत्या का हो?

आणि तुम्ही तरी काहून इतक्या हळू हाक मारलीत? भांडं आपटायचं होतं, मला शिव्या द्यायच्या होत्या! जन्मभर मेलं तुमचं ते मुकाट सोसायचं शहाणपण.

आता सोवळं नेसलं की तुमची हाक ऐकू येते. तांब्या घेऊन रिकाम्या खोलीत जाते. सासूबाई नुसत्या बघतात. त्यांनाही ऐकू येत असेल का?

मला भीती तुमची नाही, यमूची वाटते. परवा तुमच्या या लेकीनं विचारलं, "काकू, आई शेवटी काई बोलली का गं?"

"न्हाई बाई, झोपेतच गेली."

पोरीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मला ते सोसवेना.

आज मी मुखवटा घेऊन दारात येईन तेव्हा "महालक्ष्मी काय घेऊन आली?" असं आतून विचारायचं तुमचं काम तिच्याकडं आहे. त्याआधी तिला सगळं सांगेन, अक्का. दोन्ही हाका, माझं ते "आले हं", सगळं. शब्द देते. मग तिनं विचारलं तरच आत येईन. नाही विचारलं, तर लक्ष्मीसकट उंबऱ्याबाहेर उभी राहीन.

तुमची अपराधी,
धाकटी